समासातली ‘हि.’

सोमवार, ४

…आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन जमिनीला टेकायच्या बेतात, म्हणून मी यांना हाक मारली. त्या सकाळी दूध तापवून झालं होतं, पीठ चाळलं होतं, पिण्याचं पाणी भरलं होतं, दोरीवरच्या चार चादरी पलंगावर आणून टाकल्या होत्या. हे आले ते कानावर पेन्सिल घेऊनच. टोकं धरली, पण लक्ष चादरीत नाही. “आपली लेक पहिल्यांदा एकटी लिफ्टनं खाली कधी गेली गं?” मी म्हटलं, “पहिलीत गेल्यावर. त्याआधी एवढ्याशा पोरीला एकटं कोण सोडतंय? कुणा आईचं डोकं फिरलंय?” हे हसले, “बरोबर” म्हणाले आणि टोकं तशीच सोडून आत गेले. “अहो, टोक!” म्हणेपर्यंत अर्धी चादर जमिनीवर. मला ती पुन्हा धुवावी लागली.

आज हे आठवलं, कारण यांच्या वह्या कपाटातून काढल्या. सात भरलेल्या, आठवी कोरी. समास आखून ठेवलेला, आत अक्षर नाही. यांना जाऊन दीड वर्ष झालं. आठवी वही कोरी ठेवून तरी काय करायचं, म्हणून त्याच वहीत हे लिहिते आहे.

वह्या काढल्या त्या भाऊजींच्या फोनमुळे. भाऊजी म्हणजे यांचे भागीदार. लिफ्टचा सांगाडा, तारा, मोटर ही बाजू त्यांची. लिफ्ट चालवणारा प्रोग्राम यांचा. भाऊजी म्हणाले, “वहिनी, लहान मुलांच्या रुग्णालयाचं काम मिळालंय, नऊ मजली. पण त्यांना पुरावा हवा, प्रोग्राम तपासल्याचा. त्यासाठी वह्यांमधलं सगळं संगणकात घालायचंय. आणि ते अक्षर वाचणार कोण? मुंग्यांची वरात नुसती.”

मी म्हटलं, “मी वाचते.” सातवी शिकलेली बाई मी. पुढचं सगळं वाचायला शिकले ते पुड्या बांधून आलेल्या कागदांवर आणि यांच्या वह्यांवर.

मंगळवार, ५

कार्यालय म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मिस्त्रीचं सामान, तारांची भेंडोळी, तेलाचा वास. आतल्या खोलीत दोन संगणक आणि यांची खुर्ची. खुर्चीवर आता एक मुलगी बसते. प्रोग्राम तपासणं हे तिचं काम. सगळ्यांच्या सतत परीक्षा घेते, म्हणून मिस्त्रीनं तिचं नाव परीक्षाबाई ठेवलंय. मला पाहून उठली आणि खुर्ची पुढे केली. मी स्टुलावर बसले. त्या खुर्चीत बसायला मला जमलं नसतं.

तिनं विचारलं, “काकू, काकांनी वह्यांत काय लिहिलंय, ते थोडं तरी माहीत आहे का तुम्हाला?”

थोडं! मी म्हटलं, “करार लिहिलेत. प्रोग्राममधल्या प्रत्येक कामाचा एक करार. अट म्हणजे काम सांगणाऱ्यानं आधी काय पाळायचं. हमी म्हणजे काम संपल्यावर त्याला काय मिळणार. आणि नेम म्हणजे आभाळ कोसळलं तरी मोडायचा नाही ते. अट: दार पूर्ण बंद हवं. हमी: लिफ्ट मागितलेल्या मजल्याच्या पातळीत थांबेल. नेम: दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडणार नाही.”

ती बघतच राहिली. “कॉलेजात आम्हाला हे समजायला एक सत्र लागलं.”

“मला पंचवीस वर्षं लागली,” मी म्हटलं.

जुन्या लिफ्टच्या चिपमध्ये जागा कमी, म्हणून काम चिपमध्ये गेलं आणि करार वहीतच राहिले. आता मी वाचायचं, तिनं ते प्रोग्रामच्या आत लिहायचं. मग तिचं एक यंत्र आहे, म्हणजे तोही प्रोग्रामच, ते करार वाचून आपल्या मनानं हजारो प्रसंग रचतं आणि संगणकातल्या खोट्या लिफ्टला त्यातून पळवतं. हमी मोडली की लाल ओळ, पाळली की हिरवी. “हे यंत्र घ्या म्हणून हिनं वर्षभर माझ्या डोक्याला भुंगा लावला होता,” भाऊजी म्हणाले. तेव्हापासून यंत्राचं नाव भुंगा. माणूस तपासतो तेव्हा त्याला सुचेल तेच तपासतो, भुंगा मात्र लाकूड पोखरल्यासारखा कुठेही शिरतो म्हणे.

मला कसंसंच झालं. यांच्या कामात कुणी शिरणार.

गुरुवार, ७

दोन दिवसांत तीन वह्या झाल्या. मी वाचते, ती टायपते. तिचा हात वेगानं चालतो आणि मला सारखी भीती, की मी चुकीचं वाचीन. यांचा एक आणि नऊ सारखाच. खाली वळवलेलं शेपूट बघावं लागतं.

समासात प्रत्येक करारापुढे एक-दोन अक्षरं आहेत, ती गोष्ट कुठून आली त्याची. ‘मि.’ म्हणजे मिस्त्री. ‘भा.’ म्हणजे भाऊजी. ‘ग.’ म्हणजे गणित. ‘हि.’ म्हणजे हिशेब. परीक्षाबाई तेही टिपून घेते.

आज तिनं विचारलं, “काकू, गणित आणि हिशेब वेगळे का ठेवले असतील काकांनी?”

मी म्हटलं, “मोठं असेल तर गणित, छोटं असेल तर हिशेब.” बोलून गेले खरी. पण नवऱ्याच्या डोक्यात काय होतं ते बायकोला माहीत नाही, असं कसं सांगायचं?

तिसऱ्या वहीत लेकीचं शाळेतलं जुनं आरोग्यपत्रक सापडलं. खूण म्हणून घातलेलं. हे हाताला लागेल ते खुणेला घालत. एकदा माझी केसांची पट्टी मिळाली होती. त्या पानावरचं काम होतं ‘लिफ्ट रिकामी आहे का’. अट: वजन शून्य, किंवा वीस किलो वा जास्त. हमी: आत कुणी असेल तर दिवा-पंखा बंद होणार नाही, आतली बटणं चालतील. समास: हि. मी वाचलं, तिनं लिहिलं, पान उलटलं. पत्रक मी पिशवीत घातलं, लेकीला दाखवायला.

सोमवार, ११

वह्या संपल्या. तीनशे बारा करार. घसा बसला आहे. शेवटच्या वहीचं शेवटचं पान अर्धंच भरलेलं. ते वाचून झाल्यावर परीक्षाबाई म्हणाली, “पुढे?” मी म्हटलं, “पुढे नाही.” तिनं वही मिटून माझ्या हातात दिली.

मंगळवार, १२

आज भुंगा सोडला. मी घरी जायला हवं होतं, गेले नाही. पडद्यावर ओळी पळत होत्या.

तीन लाल आल्या. एक माझी: नवाचा एक वाचला होता. दुसरी परीक्षाबाईची, टायपण्यातली. तिसरी यांची. दार बिघडलं आणि त्याच क्षणी वीज गेली तर लिफ्ट मजल्याची मोजणी विसरत होती. मिस्त्री म्हणाला, “ह्या! अशी दोन्ही एकदम कधी जातात का?” परीक्षाबाई म्हणाली, “भुंग्याकडे गेली की.”

तिनं ती तासाभरात दुरुस्त केली. हसत म्हणाली, “काकू, तीनशे बारात एक! मी असते तर तीस निघाल्या असत्या.”

तरी घरी येताना ती एकच लाल ओळ माझ्याबरोबर आली. ज्या माणसानं आयुष्यात चप्पलसुद्धा वाकडी काढली नाही, त्याची चूक अशी लाल रंगात चारचौघांत.

गुरुवार, १४

सगळं हिरवं. भुंगा रात्रभर चालू ठेवला होता, सकाळी वरपासून खालपर्यंत हिरवं. भाऊजींनी मला खुर्चीवरून उठवून पडद्यापाशी नेलं. (हो, खुर्चीत बसले होते. परीक्षाबाईनं आग्रह केला.) “बघा वहिनी. तुमच्या नवऱ्याचं गुणपत्रक.” बावीसला लिफ्ट रुग्णालयाच्या ताब्यात द्यायची. भाऊजींनी ठरवलंय, बटणांच्या पट्टीखाली एक छोटी पाटी लावायची, प्रोग्राम कुणाचा ते सांगणारी, यांच्या नावाची.

पडद्यावर हिरव्या ओळींच्या शेवटी एक रकाना होता: फेकले. बऱ्याच ओळींत तिथं शून्य किंवा चार-पाच. एका ओळीत चारशे सोळा. मी विचारलं, हे काय?

“भुंगा कसेही आकडे रचतो ना, त्यातले काही अटीत बसत नाहीत. ते तो न विचारता फेकतो. अट पाळली नाही तर करारच लागू नाही. मग हमी मागण्यात अर्थ काय?”

“मग तिथं काय होतं?”

“काहीही होऊ शकतं,” ती म्हणाली आणि चहा आणायला गेली.

शुक्रवार, १५

आज जुन्या एका इमारतीतून तक्रार आली. यांचा प्रोग्राम चालतो अशा चौदा इमारती आहेत, त्यातलीच एक. एक लहान मुलगी आईचा हात सोडून लिफ्टमध्ये शिरली, दार बंद झालं. आईला बटण दाबायचं सुचलंच नाही, ती जिन्यानं मजले शोधत धावली. आत दिवा गेला, पंखा गेला, बटणं लागेनात. अकरा मिनिटांनी कुणीतरी तळमजल्यावरून लिफ्ट बोलावली, तेव्हा दार उघडलं. मुलगी काही बोलेना म्हणे. ओरडून ओरडून आवाज गेला होता.

मिस्त्री जाऊन आला. “काही नाही हो. मी आत उभा राहिलो, सगळं लख्ख चालतंय. घाबरून आईच वाढवून सांगते.” तक्रारवहीत लिहिलं: दोष आढळला नाही.

“तुझं वजन किती?” परीक्षाबाईनं त्याला विचारलं. ती नेहमीच्या चेष्टेत विचारत होती, तो जाडा आहे म्हणून. सगळे हसले. मीही हसले.

आता लिहिताना हसू येत नाही. का ते कळत नाही.

शनिवार, १६

पीठ चाळत होते. माझी आई म्हणायची, पीठ सगळेच बघतात, बाईनं चाळणीत काय उरलं ते बघावं. किडा असेल तर तो तिथंच दिसतो. खाली पडलेलं पीठ पांढरंच असतं.

चारशे सोळा.

ती ओळ कोणत्या कामाची होती, ते मी पाहिलंच नाही.

रविवार, १७

लेक आणि नात आल्या होत्या. आरोग्यपत्रक दाखवायचं राहूनच गेलं. नात साडेतीन वर्षांची, वजनकाट्यावर उभी राहते आणि “मी किती?” म्हणून ओरडते. चौदा. घरी जाताना ती पुढे पळाली आणि एकटीच लिफ्टमध्ये शिरली. आमच्याही इमारतीत यांचाच प्रोग्राम आहे. मी एवढ्या जोरात ओरडले, की शेजारचं दार उघडलं. लेक म्हणाली, “आई, काय झालं? मी आहे ना मागं.” मी म्हटलं, काही नाही.

सोमवार, १८

सकाळी परीक्षाबाईला म्हटलं, ते फेकलेले आकडे बघायला मिळतील का. म्हणाली, “सहज?” “सहज.” तिनं यादी काढून दिली आणि आपल्या कामाला लागली.

काम: लिफ्ट रिकामी आहे का. तीन किलो. सोळा किलो. साडेअकरा. एकोणीस. चौदा. एक किलोपासून वीसच्या आतलं सगळं, चारशे सोळा वेळा. भुंगा प्रत्येक वेळी दाराशी आला होता आणि वहीतल्या अटीनं त्याला परत पाठवलं होतं. म्हणून हिरवं. तिथं विचारलंच नव्हतं कुणी.

प्रोग्राममध्ये काय लिहिलंय तेही मी वाचलं. वाचता येतं मला तेवढं. वीसच्या आत वजन म्हणजे लिफ्ट रिकामी. रिकामी असेल तर आतली बटणं रद्द करा. पोरं सगळी बटणं दाबून पळून जातात त्यावर उपाय. दोन मिनिटं रिकामी राहिली तर दिवा आणि पंखा बंद करा.

म्हणजे चौदा किलोचं मूल आत असेल तर लिफ्टच्या लेखी आत कुणीच नाही.

लहान मुलांचं रुग्णालय. नऊ मजले.

परीक्षाबाईनं विचारलं, “सापडलं काही?” मी म्हटलं, “नाही गं, नुसते आकडे.” आणि पिशवी उचलून घरी आले. पाच मजले जिन्यानं चढले. लिफ्टवर राग काढून काय होणार, पण पाय तिकडे वळेनात.

मंगळवार, १९

कार्यालयात गेले नाही. माझ्यासाठी काढलेल्या वह्यांच्या झेरॉक्स प्रती घरी आहेत. मनात एकच आशा: यांनी काहीतरी पाहून हा वीस लिहिला असेल. वजनकाटा त्याच्या खाली मोजतच नसेल, किंवा असंच काही. समासात हि. आहे ना, मग हिशेब कुठेतरी असणारच. हे गणितं वहीच्या मागच्या पानांवर करत. ‘ग.’ लिहिलेल्या प्रत्येक कराराचं गणित मागं सापडलं, आकडा घालून, दोन रेघा ओढून.

‘हि.’चा एकही हिशेब नाही. सातही वह्या धुंडाळल्या. सत्तावीस ठिकाणी हि. आहे आणि मागं काहीच नाही.

मग ते सत्तावीस करार एकापाठोपाठ वाचले. ‘दारानं आधी वाजावं, मग मिटावं.’ हि. माझ्या पिशवीचा बंद दारात अडकला होता, तेव्हा मी घरी येऊन म्हटलं होतं, मेलं हे दार सांगून तरी मिटावं. ‘बटणं बसलेल्या माणसाच्या हाताला यावीत.’ हि. सासूबाई चाकाच्या खुर्चीत होत्या त्या वर्षी मीच कुरकुरले होते. ‘मजल्याचा आकडा चष्म्याशिवाय दिसावा.’ हि.

हिशेब नाही. ‘हिनं’. हिनं सांगितलं.

पंचवीस वर्षं हे मला चारचौघांत ‘ही’ म्हणाले. ही म्हणते, हिला विचारतो, हिचं ऐका. तीन वह्या वाचून झाल्या, तेव्हा परीक्षाबाईनं सरळ विचारलं होतं, आणि मी त्याचा हिशेब करून टाकला. दुसरं काही असेल असं डोक्यातच आलं नाही.

बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. बरं वाटत होतं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली. मग पिशवीतून आरोग्यपत्रक काढलं. इयत्ता पहिली. उंची अमुक. वजन वीस किलो.

ती खूण नव्हती. चादर टाकून हे आत गेले, ते पत्रक शोधायला, पहिलीतलं पोर किती किलोचं असतं ते बघायला.

बुधवार, २०

आजही गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं. नाही.

मनात काय काय आलं ते इथं तरी खरं लिहिते.

पहिलं: गप्प बसावं. परवा लिफ्ट जाईल, पाटी लागेल. रुग्णालयात मुलं आईबापांबरोबरच असतात.

दुसरं: मी चुकीचं वाचलं म्हणून सांगावं. दोन किलो लिहिलं होतं, पुढच्या टिंबाला मी शून्य समजले. कुणी संशय घेणार नाही, नवाचा एक केलाच होता मी. आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिलं: “अगं, माझीच चूक, म्हातारीचे डोळे.” छान जमत होतं. पण प्रोग्राममध्येही वीसच आहे आणि तो यांनी स्वतःच्या हातानं घातला आहे. आणि मी एक ठिकाणी खोटं वाचलं म्हटलं, की बाकीचे तीनशे अकरा कशाच्या जोरावर उभे राहणार?

तिसरं मनात आलं ते सगळ्यात वाईट. यांचा राग आला. कपडे घडी करणाऱ्या बाईला असं काही विचारतात का? आणि विचारलं तर कशासाठी ते सांगायचं. मी म्हटलं होतं कुणी सोडत नाही. हे मी म्हटलं नव्हतं, की मूल सुटत नाही. सोडणं वेगळं, सुटणं वेगळं. यांना कशाला हवंय ते मला कळलं असतं, तर मीच सांगितलं असतं की अहो, आपली लेक अडीच वर्षांची असताना हात सोडून थेट रस्त्यापर्यंत गेली होती.

दुपारी परीक्षाबाईचा फोन. “काकू, बरं आहे का? येऊ का औषध घेऊन?” मी नको म्हटलं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “काकू, त्या चारशे सोळाचं मलाही जरा बघायचंय. तुम्ही आलात की बसू.” तिनं एवढंच म्हटलं. दोन दिवस ती माझी वाट बघते आहे की काय?

गुरुवार, २१

सांगितलं.

भाऊजी, मिस्त्री, परीक्षाबाई, तिघांसमोर. आरोग्यपत्रक टेबलावर ठेवलं. चादरीपासून सुरुवात केली, त्यामुळे भाऊजींना आधी कळेचना. “वहिनी, चादरीचं काय?” मग कळलं तसे ते खाली बसले.

परीक्षाबाई संगणकाकडे वळली. अट पुसली. त्या जागी लिहिलं: वजन शून्य किंवा जास्त, कितीही. भुंगा सोडला. पहिली लाल ओळ यायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. वजन चौदा, दिवा बंद, बटणं रद्द, हमी मोडली. भुंग्यानं आपल्या मनानं काढलेला आकडा, पण मला नातीचं वजन वाचल्यासारखं झालं.

मिस्त्री उठून उभा राहिला. “ती मुलगी,” म्हणाला. “मी दोष नाही म्हणून लिहून आलो.” एवढा मोठा माणूस, कान लाल.

भाऊजी म्हणाले, “चौदा इमारती. आठ वर्षं.” मग माझ्याकडे बघून, “तुम्हाला कधी कळलं हे?”

“सोमवारी.”

“सोमवारी! आज गुरुवार आहे वहिनी. तीन दिवस! तीन दिवसांत एखादं पोर आत…” आवाज चढला होता. परीक्षाबाई म्हणाली, “सर.” ते म्हणाले, “सर काय! खरं ते बोलतोय.”

खरं तेच बोलत होते. मी म्हटलं, “हो. तीन दिवस मी गप्प बसले. यांचं नाव जाईल म्हणून. माझं नाव तर वहीत आहे हेसुद्धा मला परवा कळलं.”

मग भाऊजींनी रुग्णालयाला फोन लावला, ताबा पुढे ढकलला. का ते स्पष्ट सांगितलं. पलीकडून बरंच ऐकून घेतलं. मिस्त्रीनं चौदा इमारतींची यादी काढली; दिवा बंद करण्याचं आणि बटणं रद्द करण्याचं काम चिपमधून काढेपर्यंत प्रत्येक ठिकाणी हातानं तोडून यायचं ठरलं. पहिली ती मुलीची इमारत. तो म्हणाला, “तिथं मी आईशी बोलूनच येतो.” पिशवीत पक्कड घातली, मग बाहेरच्या खोलीतून वाळूची छोटी गोणी उचलली. “चौदा किलोची आहे. आता मी आत उभा राहून बघणार नाही.”

जाताना भाऊजी दारात थांबले. “पाटीचं नंतर बघू,” म्हणाले. मी मान हलवली. मग म्हणाले, “त्याला कुणाला तरी विचारायची सवय होती हे मला माहीत होतं. कुणाला ते माहीत नव्हतं. मी समजायचो पुस्तकातून काढतो.”

दोघीच उरलो तेव्हा परीक्षाबाईनं विचारलं, “काकू, हि. अजून किती ठिकाणी आहे?”

“सत्तावीस. हा एक धरून.”

“सगळे बरोबर असतील?”

“मला काय माहीत? मी कपडे घडी करताना, भांडी घासताना बोललेली वाक्यं आहेत ती.”

“मग प्रत्येकाचं मूळ वाक्य आठवावं लागेल. तुम्ही काय म्हणालात आणि काकांनी काय लिहिलं.”

“आठवेल सगळं असं नाही.”

“नाही आठवलं, तर तिथं अट ठेवायची नाही. भुंग्याला आत जाऊ द्यायचं,” ती म्हणाली.

घरी येताना लिफ्टनं आले. आत एकटीच होते. दिवा सगळा वेळ चालू होता; मी साठ किलोची आहे.

शुक्रवार, २२

सकाळी दूध तापवलं, पीठ चाळलं, पाणी भरलं. दहाला कार्यालयात गेले. यांच्या खुर्चीत बसले आणि पहिली वही पहिल्या पानापासून उघडली. अट वाचली, हमी वाचली. समासापाशी आल्यावर परीक्षाबाईनं विचारलं, “कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, “हिनं.” आणि काय सांगितलं होतं, ते तिला सांगितलं.